नाकापेक्षा मोती जड झालेली ऑफिस पीसीची यादी

पत्र: नमस्कार दादा, आमचं छोटं ऑफिस आहे, तिघंजण बसतो. हिशोबाचं सॉफ्टवेअर, एक्सेलच्या मोठ्या शीट, ब्राउझरमध्ये कायम वीस-पंचवीस टॅब, पीडीएफ आणि दिवसाला दोन-तीन व्हिडिओ मीटिंग, बस एवढंच काम. माझा पीसी नऊ वर्षांचा झालाय, सकाळी बटन दाबून सगळं टेबल आवरून होतं तरी ते गोल फिरतंच असतं. भाच्याने नव्या पीसीची यादी करून दिलीय: आय७-१२७००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, काचेचं आरजीबी कॅबिनेट आणि कॅबिनेटसोबतच येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस. मला दोन मॉनिटर लावायचेत. ही यादी घेऊ का, की सरळ रेडिमेड घेऊ? मला यातलं ओ की ठो कळत नाही. – हँग झालेली ताई

ताई, नमस्कार. पहिले भाच्याला शाबासकी द्या, कारण मावशीसाठी बसून यादी करणारी पोरं कमी असतात, आणि यादी तशी चुकीची पण नाहीये, फक्त ती त्याने स्वतःसाठी केलीय. गेम खेळणाऱ्याच्या डोक्यात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आधी येतं आणि मग उरलेल्या पैशात बाकीचं बसवलं जातं. तुमच्या कामाला नेमकं उलटं लागतं. तुम्ही दिवसभर ज्याची वाट बघता ते सगळं त्या यादीच्या मागच्या अर्ध्या भागात आहे, आणि तिथेच काटकसर झालीय.

सुरुवात हार्ड डिस्कपासून करतो कारण तुमचं ते गोल फिरणं तिथलंच असणार, माझी जवळपास खात्री आहे. खात्री तुम्ही पण करून बघा, उद्या सकाळी पीसी चालू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कच्या रकान्यात बघा, १०० टक्के दाखवून लाल झालेला असेल आणि शेजारी प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यावर निवांत बसलेला असेल. म्हणजे मेंदू रिकामा आहे आणि फाईल आणून देणारा माणूस धापा टाकतोय. आता यात तुम्ही आय७ आणून बसवला तर काय होणार, जास्त हुशार मेंदू रिकामा बसणार.

हार्ड डिस्कमध्ये खरीखुरी तबकडी फिरते, ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, आणि वाचणारा हात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाईपर्यंत आणि हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत दहा-बारा मिलिसेकंद जातात, त्यामुळे इकडच्या तिकडच्या बारीक फाईली ती सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचते. विंडोज चालू होताना आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडताना अशा हजारो बारीक फाईली लागतात, आता तुम्हीच गुणाकार करा. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, साधी साटा (जुन्या पद्धतीने जोडायची) एसएसडीसुद्धा असं वाचन सेकंदाला हजारोंनी करते. त्यामुळे नव्या पीसीत विंडोज हार्ड डिस्कवर टाकायचंच नाही, हा एकच नियम पाळलात आणि बाकी माझं काहीच ऐकलं नाही तरी निम्मं काम झालं.

कोणती घ्यायची? एनव्हीएमई (नव्या, वेगवान पद्धतीने जोडायची) एसएसडी, ५०० जीबी, नावाजलेल्या कंपनीची, पाच वर्षं वॉरंटीवाली. साटाची मर्यादा ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास, एनव्हीएमई जेन ३ (म्हणजे तिसरी पिढी) ची साडेतीन हजाराच्या घरात आणि जेन ४ ची सात हजार, हे आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरात असतात पण ते एकच मोठी फाईल सलग वाचतानाचे, ऑफिसच्या कामात साटा आणि एनव्हीएमईतला फरक बोटं मोजून सांगावा लागेल इतका कमी. तरी एनव्हीएमई घ्या म्हणतो कारण वायर लागत नाही, बोर्डावरच एका स्क्रूने बसते आणि आता भावात फारसा फरक उरलेला नाही. जेन ४ ची महागडी मात्र घेऊ नका, एच६१० बोर्डावर तो स्लॉट जेन ३ नेच चालतो, पैसे पाण्यात. आणि एक सापळा सांगतो, एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, त्याच आकारात साटा एसएसडीपण येते आणि सगळे स्लॉट तिला ओळखत नाहीत, म्हणून खोक्यावर एनव्हीएमई असं लिहिलंय ते डोळ्याने वाचूनच घ्या.

१ टीबी हार्ड डिस्क घ्यायची असेल तर घ्या, जुन्या वर्षांचं रेकॉर्ड ठेवायला चांगलीच आहे. फक्त बॅकअप म्हणून ती त्याच कॅबिनेटच्या आत ठेवली तर तो बॅकअप म्हणायचा नाही, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला तर दोन्ही एकदम जातील. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

कारण माझं झालंय. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका ऑफिसला मी पीसी असेंबल करून दिला होता, सगळं चांगलं घेतलं आणि शेवटी बजेट संपलं म्हणून कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस तसाच ठेवला, चालतंय की म्हटलं. सात-आठ महिन्यांनी फोन आला, पीसीतून फट्‌ असा आवाज आला आणि जळका वास येतोय. जाऊन उघडला तर एसएमपीएस मेलेला, जाता जाता मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला होता. बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला पण डेटा कोण बदलून देणार. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं.

तर त्या ५०० वॅटबद्दल. असल्या एसएमपीएसचं म्हणजे बडा घर पोकळ वासा. त्याच्या अंगावर एक स्टिकर असतो, त्यात छोटा तक्ता असतो, तिथे +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघायचं. आजचा पीसी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टमधूनच ओढतो. समजा तिथे १४ लिहिलंय, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, मग वर मोठ्या अक्षरात ५०० लिहा नाहीतर ५००० लिहा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३५ च्या पुढे आकडा असतो. ८० प्लस हा शिक्का पण बघा, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या, तो शिक्का सांगतो की वीज किती वाया जात नाही, आतला माल किती दणकट आहे ते तो सांगत नाही. माहितीतल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ, ४५० वॅट, वेगळा खोक्यात मिळतो तो घ्या, तुमचा पीसी काम करताना ५०-६० वॅटच खाईल आणि कितीही ताण दिला तरी दीडशेच्या आसपास राहील, म्हणजे ४५० पण भरपूर झाला.

आता रॅम. ८ जीबी नको. विंडोज आणि अँटिव्हायरस मिळून तीन-चार जीबी तिथेच खातात, मग तुमचे पंचवीस टॅब, एक्सेल आणि मीटिंग, उरलं काय? रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर टाकायला लागतं आणि परत तोच फिरणारा गोळा. १६ जीबी घ्या. इथे सगळे तुम्हाला सांगतील की ८-८ च्या दोन घ्या म्हणजे ड्युअल चॅनल होतं, आणि ते खरं आहे, दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला रॅमकडे जायला रस्ता दुप्पट रुंद मिळतो, प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅममधूनच जागा घेतं त्यामुळे त्यालाही बरं पडतं. पण एच६१० बोर्डावर स्लॉटच दोन असतात. दोन्ही भरले की उद्या ३२ करायला दोन्ही काढून ठेवाव्या लागणार. ज्यांना गेम खेळायचेत त्यांनी दोनच घ्याव्यात, ऑफिसच्या कामात तो रुंद रस्ता रिकामाच असतो, म्हणून तुमच्यासाठी माझं मत जरा वेगळं आहे, १६ ची एकच स्टिक घ्या आणि एक स्लॉट रिकामा ठेवा. यावर कोणी वाद घातला तर घालू द्या.

डीडीआर४ का डीडीआर५ हे रॅम नाही, बोर्ड ठरवतो. १२व्या पिढीचे प्रोसेसर दोन्हीवर चालतात पण एका बोर्डावर एकच बसते, खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे जोर लावूनही दुसरी बसत नाही (लावू नका). बऱ्याच बोर्डांच्या नावातच डी४ असं असतं. तुम्हाला बोर्ड आणि रॅम मिळून ज्यात स्वस्त पडेल ते घ्या, तुमच्या कामात फरक कळणार नाही.

प्रोसेसरला आत्ता आलो बघा, इतक्या उशिरा. आय७-१२७००एफ मध्ये १२ कोअर (म्हणजे स्वतंत्र काम करणारे छोटे मेंदू) आहेत, आठ मोठे चार छोटे, उत्तम प्रोसेसर आहे, वाईट बोलायला जागा नाही. पण त्याच पिढीचा आय३-१२१०० ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आय५-१२४०० ४.४ आणि हा १२७००एफ ४.९. मोठे कोअर तिघांत एकाच घडणीचे आहेत, फक्त संख्या वेगळी. पीडीएफ उघडणं, एंट्री टाकणं, एक पान लोड होणं, ही कामं एखाद-दोन कोअरवरच होतात, बाकीचे उभे राहून बघतात. एक्सेलचं बघा, शीट रिकॅल्क्युलेट करताना २००७ च्या आवृत्तीपासून ते काम अनेक कोअरवर वाटून देतं, पण मॅक्रो (एक्सेलमधला आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) अजूनही एका वेळी एकाच कोअरवर चालतो, म्हणून कोणी सांगितलं की जास्त कोअर म्हणजे मॅक्रो फास्ट, तर हसून सोडून द्या. तुमच्या शीट मोठ्या आहेत म्हणताय आणि मीटिंग चालू असताना बाकी काम पण करणार, तर आय५-१२४०० घ्या, सहा कोअर. बजेट ताणलं तर आय३-१२१०० नेही काही अडणार नाही, तो वाचलेला पैसा एसएमपीएसमध्ये घाला. अजून एक, ऑफिस टाकताना ६४-बिटचं टाका, जुन्या मशीनवर ३२-बिटचं असेल तर एक्सेल दोन ते चार जीबीच्या आसपासच अडकतं, मग कितीही रॅम घातली तरी मोठी शीट रडतेच.

आणि त्या नावातलं शेवटचं अक्षर! भाच्याने ग्राफिक कार्ड का घातलं ते त्यातच आहे. इंटेलच्या नंबरमागे एफ असेल तर त्या प्रोसेसरमधलं ग्राफिक बंद केलेलं असतं, मग वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही. एफ काढा, म्हणजे साधा १२४००, त्यात यूएचडी ७३० ग्राफिक आतच आहे, दोन मॉनिटर आरामात चालवतो, कार्डाची गरजच संपली, त्याचा पंखा नाही, त्याचे ७५ वॅट नाहीत, तीन वर्षांनी ते बिघडायची भानगड नाही. एएमडीकडे जायचं असेल तर तिथे उलटं आहे, ५००० च्या मालिकेत ग्राफिक हवं असेल तर मागे जी लागतो, रायझन ५ ५६००जी चालेल, नुसता ५६०० नाही. ७००० च्या मालिकेत बहुतेकांत छोटं ग्राफिक असतंच, एफ सोडून, पण त्यांना डीडीआर५ च लागते. मी स्वतः एकदा घाईत एफवाला आणून संध्याकाळभर काळ्या स्क्रीनसमोर बसलोय, वायरी बदलून बदलून, मॉनिटर बदलून, आणि शेवटी खोकं उलटं केल्यावर ते अक्षर दिसलं. म्हणून एवढं बडबडतोय.

दोन मॉनिटर आहेत तर बोर्ड घेताना मागचा फोटो बघा. स्वस्त एच६१० वर बऱ्याचदा एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए असतं. व्हीजीए चालतं, पण ते जुन्या पद्धतीचं अ‍ॅनालॉग आहे, अक्षरांच्या कडा जराशा पुसट येतात, आठ तास आकडे बघणाऱ्या माणसाला ते डोळ्यात जातं आणि कळतही नाही की डोकं का दुखतंय. एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट असं दोन्ही असलेला बोर्ड शोधा. मॉनिटर २४ इंची असेल तर १९२०x१०८० बरोबर, २७ इंची घेतलात तर २५६०x१४४० घ्या, नाहीतर २७ वर तेच पिक्सेल पसरतात आणि अक्षरं दाणेदार दिसतात. आयपीएस पॅनल घ्या. बाकी मॉनिटरचं फार लांबवत नाही.

कॅबिनेट काचेचं नको. तुमच्याकडे आतलं बघणार कोण? पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या, मागे एक पंखा पुरे. प्रोसेसर मात्र बॉक्सवाला घ्या, ट्रेवाला (खोक्याशिवाय सुटा) नको, बॉक्समध्ये कूलर सोबत येतो आणि वॉरंटीची कटकट होत नाही.

जुन्यातच एसएसडी टाकून भागवा असं मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं, खरं सांगतो. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, आणि तुमचं नऊ वर्षांचं मशीन त्याच्या आधीचंच असणार. हिशोबाचं मशीन अपडेटशिवाय नेटवर ठेवायचं नाही. नव्यासाठी टीपीएमचा वेगळा तुकडा कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ते प्रोसेसरमध्येच असतं, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने चालू करायचं, एएमडीत एफटीपीएम. जुन्या पीसीसोबत आलेलं विंडोज ओईएम असेल तर ते त्याच मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, नव्यावर येणार नाही, तेवढी तरतूद आधीच धरा.

रेडिमेड की असेंबल? तुमच्या ऑफिसात कोणी कॅबिनेट उघडणारं नसेल आणि भाचा लांब राहत असेल तर रेडिमेड घ्या, बिनदिक्कत, बिघडलं की एकच नंबर लावायचा आणि माणूस येऊन करून जातो, तो आराम विकत घेण्यासारखाच आहे. फक्त त्यातही १६ जीबी, एनव्हीएमई आणि एक रिकामा रॅम स्लॉट आहे ना ते विचारा. तोटा असा की कंपन्यांच्या छोट्या पीसीत एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा त्यांच्याच आकाराचे असतात, वॉरंटी संपल्यावर बाजारातला बसत नाही. भाचा जवळ असेल तर असेंबलच करा, त्यालाही हौस आहे.

यूपीएस लावणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. पीसी आणि दोन मॉनिटर त्यावर आरामात. लेझर प्रिंटर त्याला लावू नका, गरम होताना तो एकदम झटका मारून वीज ओढतो आणि यूपीएस किंचाळायला लागतो, कधीकधी सगळंच बंद पाडतो.

भाच्याला जोडायला बसवाल तेव्हा हे त्याला वाचून दाखवा, गेमवाल्या पोरांना वाटतं आपल्याला सगळं येतं. या प्रोसेसरला पिना नसतात, पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७०० बारीक केसासारख्या, तिथे बोट लागलं आणि दोन वाकल्या तर वॉरंटी पण गेली. लिव्हर खाली दाबताना करकर आवाज येतो, तो यायलाच हवा, घाबरून अर्ध्यात सोडू नको. कूलरचे चार खुंटे समोरासमोरच्या कोपऱ्यात दाबायचे, आधी एक मग त्याच्या तिरका, टक्‌ आवाज आला पाहिजे आणि मग बोर्ड उलटा करून काळी टोकं चारही बाहेर आलीत का बघायचं. रॅम बसताना पण टक्‌ यायला हवा, नुसती टेकवलेली रॅम सगळ्यात जास्त लोकांना रडवते. वर कोपऱ्यात प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर असते ती विसरू नको. आणि रॅमचा खोक्यावरचा स्पीड तो जास्तीचा असेल तर आपोआप येत नाही, बायोसमध्ये एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो.

एवढं करून पहिल्यांदा बटन दाबल्यावर पंखे फिरले पण स्क्रीन काळी राहिली, तर ताई, लगेच सगळं उघडायला लावू नका. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी रॅम ओळखायला बोर्ड दोन-चार मिनिटं घेतो, काळीच दिसते, मध्ये बंद करायचं नाही. डीडीआर४ असेल तर रॅम काढून परत नीट दाबून बसवा. तरी नाही आलं तर आठ पिनांची वायर. आणि त्यानेही नाही आलं तर प्रोसेसरचं खोकं घ्या आणि नंबरच्या शेवटी एफ आहे का ते बघा, दुकानदार "हाच आहे हो, सेमच आहे" म्हणून देतात कधीकधी.